पहाटेचं पाणी आणि मिशिगन

सोलापूरला पाहुणा म्हणून जाणाऱ्याने झोप आधी घरीच उरकून घ्यावी. उन्हाळ्यात तिथलं ऊन झोपू देत नाही आणि हिवाळ्यात यजमान. मी हिवाळ्यात गेलो. निमित्त हुरड्याचं. मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी जानेवारीत दाण्यात भरते. शेतात आगटी पेटवायची, भाजलेली कणसं हातावर चोळायची आणि शेंगाचटणी, गूळ, दही यांच्या साथीने पोट फुटेपर्यंत खायचं, एवढाच कार्यक्रम. त्यात कुठेही अमेरिका नव्हती.

१ जानेवारी २०२४, सोमवार. संध्याकाळी पुण्याला वंदे भारतमध्ये बसलो. ही गाडी आदल्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि तिने सोलापूरच्या प्रवासातल्या गप्पांचं फार नुकसान केलं. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी दौंडच्या आसपास मुलाच्या लग्नाची हकीगत काढली. कुर्डुवाडीला ती मुलगी बघायच्या कार्यक्रमापर्यंत पोचली होती. चहा आला, पोह्यांची बशी आली, मुलगी दारात आली आणि सोलापूर आलं. पूर्वीच्या गाडीत निदान पहिलं बाळंतपण तरी झालं असतं.

स्टेशनवर काका स्कूटर घेऊन आले होते. मावशीचे यजमान. सत्तरी ओलांडली आहे, पण स्कूटर अजून कबड्डीपटूसारखी चालवतात, म्हणजे समोरच्याला हूल देऊन. तरुणपणी त्यांनी कॉलेजच्या संघातून पार्क मैदानावर चढाया केल्या आहेत. आमच्या घराण्यात मैदानी कर्तृत्व म्हणून दाखवायला तेवढंच आहे.

घर अशोक चौकाच्या पलीकडे, पूर्व भागात. तिथे रात्री अकरालाही यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो आणि तो थांबला तरच लोक दचकून उठतात. मावशीने कडक भाकरी, दही, चटणी वाढली आणि म्हणाली, "लवकर झोप. साडेतीनला उठायचंय."

"हुरड्याला इतक्या पहाटे?"

"हुरडा नऊला. साडेतीनला मॅच आहे. आणि पाणी पण आहे."

पाण्याचं मी समजू शकत होतो. सोलापूर उजनीचं पाणी पितं. ते शंभराहून अधिक किलोमीटर नळातून चालत येतं आणि तेव्हा चार-पाच दिवसांतून एकदा दर्शन द्यायचं. घराघरांत भिंतीवर दोन कॅलेंडरं असतात. एकात चतुर्थी-एकादशी बघायची, दुसऱ्यावर पाण्याच्या दिवशी गोल करायचा. लग्नाचा मुहूर्त पहिल्यावरून काढतात आणि दुसऱ्यावरून पक्का करतात. त्या आठवड्यात मावशीच्या गल्लीची पाळी मंगळवारी पहाटे होती.

मॅचचं मात्र नीट समजावून घ्यावं लागलं. मावशीचा नातू मिशिगन विद्यापीठात शिकतो. गाव ॲन आर्बर. त्यांच्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ पासाडेनाच्या रोझ बाउलमध्ये अलाबामा विद्यापीठाशी खेळणार होता. उपांत्य सामना, जिंकेल तो राष्ट्रीय विजेतेपदाच्या लढतीत. तिथे दुपारी दोन, आपल्याकडे रात्रीचे साडेतीन.

"फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा ना?" मावशीने विचारलं.

"हातात धरून पळायचा," काका म्हणाले. "पाय फक्त पळायला."

काकांनी अभ्यास केला होता. निवृत्त माणसाचा अभ्यास फार धोकादायक असतो, कारण तो ऐकायला कुणीतरी लागतं. रात्री साडेअकराला, मी अंथरुणावर आडवा आणि काका उशाशी बसलेले, अशा अवस्थेत मला कळलं की पासाडेनात १८९० पासून नववर्षाला फुलांनी मढवलेल्या रथांची मिरवणूक निघते. मिरवणुकीला जोड म्हणून १९०२ साली त्यांनी पहिल्यांदा फुटबॉलचा सामना ठेवला. त्यात हेच मिशिगन होतं. समोर स्टॅनफर्ड. मिशिगनने ४९ गुण केले, स्टॅनफर्डने शून्य, आणि वेळ संपायला आठ मिनिटं राहिली असताना स्टॅनफर्डने हात जोडले. लोकांना ते इतकं बेचव वाटलं की पुढे बरीच वर्षं संयोजकांनी फुटबॉल बंदच ठेवला आणि त्याऐवजी घोड्यांच्या रथांच्या शर्यती लावल्या. १९१६ मध्ये फुटबॉल परत आला. आता वापरतात ते स्टेडियम १९२२ चं.

"बघ," काका म्हणाले, "एकतर्फी मॅच असली की अमेरिकन माणूस पण रथाकडं वळतो. आपल्या गड्ड्याच्या यात्रेत सामना ठेवला नाही ते बरं. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगं. मिरवणूक आपली आपण पुरते."

संक्रांतीतल्या या यात्रेविषयी काका आणखीही बोलले असावेत. मी झोपलो होतो.

"का बे, झोपलालास?" या प्रश्नाचं खरं उत्तर सोलापुरात देता येत नाही, कारण विचारणारा तोवर दिवा लावून चादर ओढून घेतलेला असतो. दिवाणखान्यात पाहिलं तर घर भरलं होतं. शेजारचे तेलुगू अण्णा रात्रपाळी अर्धी टाकून आले होते. ते टेरी टॉवेलच्या मागावर असतात. वरच्या मजल्यावरचे कन्नड अप्पा मफलर गुंडाळून बसले होते. मावशी ज्या भाषेत अण्णांना चहा विचारते, त्या भाषेत अप्पा नको म्हणतात आणि तिसऱ्याच भाषेत अण्णा त्यांचा कप उचलतात. या शहरात हे रोजचंच आहे. फक्त माझ्यासारखा पुण्याचा माणूस मध्ये बसून प्रत्येक वाक्याला मान हलवतो आणि शहाणा ठरतो.

सामना बघायची सोय नातवाने केली होती. ॲन आर्बरच्या खोलीत त्याने आपल्या टीव्हीपुढे लॅपटॉप ठेवला होता, त्याचा व्हिडिओ कॉल इकडच्या टीव्हीवर. चित्र चांगलं होतं. अडचण एकच: लॅपटॉप त्याच्या मांडीवर होता. काही थरारक घडलं की तो उठायचा आणि आम्हाला छत दिसायचं. त्यामुळे त्या ऐतिहासिक सामन्यातले सगळे महत्त्वाचे क्षण आम्ही एका पांढऱ्या छताच्या रूपात पाहिले. छत हललं की काहीतरी झालं. जास्त हललं की आपलं झालं.

पहिल्याच खेळीत छत हललं. मिशिगनच्या मॅकार्थीने चेंडू फेकला तो थेट अलाबामाच्या गड्याच्या हातात. नातू किंचाळला. मग पंचांनी ठरवलं की झेलणाऱ्याचा पाय रेषेबाहेर होता. छत स्थिर झालं.

"लॉबीत गेला होता," काका म्हणाले. कबड्डी खेळलेल्या माणसाला रेषेचं दुःख वेगळं सांगावं लागत नाही.

एवढ्यात बाहेरून आरोळी आली, "पाणी आलं!" आणि रोझ बाउलचा निम्मा प्रेक्षकवर्ग उठून बादल्यांकडे धावला.

पुढचा दीड तास सामना दोन मैदानांवर चालला. मी मोटर चालू-बंद करायच्या कामावर होतो, अप्पा नळीच्या टोकाला, अण्णा गच्चीवर टाकीजवळ. काका टीव्हीसमोर बसून आम्हाला धावतं वर्णन ऐकवत होते. गड्याच्या हातून चेंडू निसटला, अलाबामाने उचलला आणि काही खेळ्यांत पार नेऊन टेकवला. ० विरुद्ध ७. गच्चीवरून अण्णा ओरडले, "भरली!" मी मोटर बंद केली. मिशिगनचा ब्लेक कोरम नावाचा ठेंगणा, चपळ गडी चेंडू घेऊन घुसला आणि बरोबरी झाली. काका पतसंस्थेवर संचालक आहेत; बैठकीत कधीही न म्हणायला मिळालेलं वाक्य त्यांनी गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "कोरम पूर्ण!"

मावशीला दोन रंग दिसत होते. निळे आपले, हे तिने मान्य केलं. नातवाने अभिमानाने सांगितलं की विद्यापीठाचे रंग निळा आणि मक्याचा पिवळा.

"मक्याचा?" मावशी. "ज्वारीचा नाही?"

तोवर पडद्यावर प्रेक्षकांत एक हत्ती दिसला. माणूसच, पण हत्तीचा पोशाख केलेला, सोंड वगैरे. हे कोण म्हणून विचारल्यावर नातवाने सांगितलं, तो अलाबामाचा. त्यांचं चिन्हच हत्ती. मावशी हातातली कळशी खाली ठेवून उभी राहिली. "आज मंगळवार आहे," ती म्हणाली. "मंगळवारी गणपतीच्या वाराला मी हत्ती हरू दे म्हणणार नाही."

घरात फूट पडली. नातवाने समुद्रापलीकडून विनवण्या केल्या. फी भरली आहे म्हणाला. आमचं स्टेडियम १,०७,६०१ माणसांचं आहे म्हणाला. काकांनी लगेच हिशेब केला, २०११ च्या जनगणनेप्रमाणे सोलापूर साडेनऊ लाख, म्हणजे दर नऊ माणसांतला एक आत बसेल. आणि पाणी कुठून देणार, असं अप्पांनी विचारलं. मावशी बधली नाही. तिने मधला मार्ग काढला: नातू जिंकू दे आणि हत्ती हरू नये. क्रीडाशास्त्रात हा निकाल बसत नाही, पण तिच्या देव्हाऱ्यात बसत असावा.

सव्वापाचच्या सुमारास मध्यंतर झालं, मिशिगन १३, अलाबामा १०. पाणीही गेलं. दोन्ही बाजूंनी आम्ही समाधानी होतो. चहाच्या वेळी अण्णांनी आपलं निरीक्षण सांगितलं. ते सामना बघतच नव्हते. काही गड्यांच्या कमरेला एक छोटा पांढरा टॉवेल खोचलेला असतो, घामेजले हात पुसायला. अण्णांची नजर तिथेच अडकली होती. मान तिरकी करून, डोळे बारीक करून त्यांनी निदान केलं, "विणीवरून आपला वाटत नाही. आपला असता तर हातून चेंडू निसटला नसता." जगात कुठेही टॉवेल दिसला की सोलापूरचा माणूस आधी त्याची किनार बघतो, हे मी लग्नकार्यात हात पुसतानाही पाहिलं आहे.

काकांची तक्रार वेगळी. "थांबतात किती बे! साठ मिनिटांचा खेळ आणि सकाळ झाली." चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही सरकता आलं तर चेंडू द्यायचा, एवढं त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत पकडलं होतं. प्रत्येक प्रयत्नानंतर मात्र बावीस माणसं उठतात, झटकतात, घोळका करून कानगोष्टी करतात, मग जाहिरात. "आमच्या वेळी चढाईला एकच दम. तेवढ्यात जगायचं नाहीतर मरायचं. आणि ही कॉलेजची पोरं? वर्गात कधी बसतात?" नातवाने सांगितलं की २०२१ पासून या खेळाडूंना आपल्या नावावर पैसेही कमावता येतात. काका गप्प झाले. त्यांना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दोन केळी आणि एसटीचं भाडं मिळालं होतं, आणि केळी संघव्यवस्थापकाने परस्पर मोजून दिली होती.

उत्तरार्धात घर शांत होत गेलं. तिसऱ्या सत्रात कुणालाच गुण नाही. चौथ्याच्या सुरुवातीला अलाबामा १७–१३ ने पुढे. मग त्यांच्या रायकर्डने बावन्न यार्डांवरून चेंडू लाथाडून खांबांमधून काढला. २०–१३, पाच मिनिटंही उरली नव्हती. ॲन आर्बरचं छत आता अजिबात हलत नव्हतं. नातू मांडीवर लॅपटॉप धरून पुतळा झाला होता आणि प्रथमच आम्हाला सामना स्वच्छ दिसत होता.

इथून पुढचं मला आठवतं ते असं. मिशिगन आपल्याच हद्दीत अडकलेलं. चौथा प्रयत्न, दोन यार्ड हवे. चुकलं की घरी. मावशी देव्हाऱ्यासमोर होती. चेंडू कोरमकडे गेला आणि कोरम पळत सुटला. त्यानंतर रोमन विल्सन नावाच्या पोराने उंच उडी मारून एक झेल घेतला आणि लगेच पुढच्या एका खेळीत पलीकडच्या पट्ट्यात जाऊन पडला. २०–२०. एक मिनिट चौतीस सेकंद बाकी. छत! जोरदार छत! मग काळोख, मग जमिनीवरचं कार्पेट, मग एक पायमोजा. काका उभे राहून अण्णांच्या पाठीवर थाप मारत होते. अप्पांनी कन्नडमध्ये काहीतरी म्हटलं, ते कुणीही भाषांतर न करता सगळ्यांना कळलं.

सामना संपता संपता मिशिगनच्या एका गड्याच्या हातून पुन्हा चेंडू सुटला, तोही आपल्याच गोलरेषेच्या तोंडाशी. त्याने कसाबसा उचलला आणि रेषेच्या हातभर बाहेर आडवा झाला. रेषेच्या आत पडता तर दोन गुण पलीकडे आणि खेळ खलास. "टॉवेल!" एवढंच अण्णा म्हणाले.

जादा वेळेचे नियम नातू सांगायला लागला तर काकांनी त्याला हाताने थांबवलं. दोघांनाही एकेक डाव, पंचवीस यार्डांवरून. "पाच-पाच चढाया," काका म्हणाले. "कळलं. पुढं बोल." कबड्डीत बरोबरी सुटली नाही की हेच करतात, आणि त्या पाच चढायांनी काकांच्या कॉलेजचा एकदा घात केला होता. त्या गोष्टीला आता पन्नास वर्षं होत आली तरी समोरचा कोपरारक्षक कसा उभा होता ते ते जेवताना ताटावर वाटी-भांडं मांडून दाखवतात.

मिशिगनला पहिली पाळी. कोरमने दुसऱ्याच खेळीत गर्दी फोडली. २७–२०. मग अलाबामा. पुढे, थोडं पुढे, मागे, पुन्हा पुढे. शेवटी चौथा प्रयत्न आणि तीन यार्ड. अलाबामाचा मिल्रो, पाय असे की सामनाभर अख्खा संघ त्याच्यामागे लागलेला. सहा वेळा त्याला मागच्या मागे पाडलं होतं. बाहेर उजाडलं होतं. दूधवाला दारात उभा राहून बघत होता आणि त्याला कुणी भांडं देत नव्हतं. चेंडू मिल्रोच्या हातात खालून, जमिनीलगत आला. त्याने तो उचलला आणि सरळ मधोमध घुसला. निळ्यांनी त्याला तिथेच दाबला.

"पकड!" काका ओरडले, आणि त्या एका शब्दात त्यांचं सगळं तारुण्य होतं. पण लगेच, जिंकल्याचा आनंद ओसरायच्या आत, ते हळहळले, "मधनं कशाला गेला बे? मधनं?"

पडद्यावर छत नाचत होतं.

साडेआठला आम्ही हुरड्याला निघालो आणि पेट्रोल पंपावर अडकलो. ट्रकचालकांचा संप होता. पेट्रोल संपणार अशी आवई उठली आणि साऱ्या महाराष्ट्रासारखं सोलापूरही पंपावर येऊन उभं राहिलं. रांग इतकी लांब की शेवटच्या माणसाला पंप कुठल्या दिशेला आहे हे विचारावं लागत होतं. काकांना असा श्रोतृवर्ग आयुष्यात लाभला नव्हता. पळून जाणं कुणालाच शक्य नव्हतं.

त्यांनी स्कूटर स्टँडला लावली आणि सामना सुरू केला. पुढचा रिक्षावाला म्हणाला, कुठली मॅच? रणजी तर पाच तारखेला आहे. पार्क स्टेडियमवर महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर व्हायची होती आणि सगळं शहर त्या तयारीत होतं. काकांनी त्याला मिशिगनला नेलं. दहा यार्ड म्हणजे किती, तर त्या लाल मोटारसायकलपर्यंत. रेषा कुठली, तर ही चुन्याची. हेल्मेट घातलेले चार तरुण आपसूक अलाबामा झाले. शेवटची खेळी समजावताना काकांनी मला मिल्रो केलं आणि दोन स्कूटरींच्या मधून जायला लावलं. रांगेत दोन तट पडले. एक म्हणे, मधूनच जायला हवं होतं, तीन यार्डांत फिरायला वेळ कुठे. दुसरा म्हणे, कोपरा मोकळा असताना? "तुमच्या वेळची कबड्डी वेगळी, काका," असं एक कॉलेजातला पोरगा म्हणाला आणि वाद अशा पातळीला गेला की आमचा नंबर आला तेव्हा मागच्यांनी पेट्रोलपेक्षा निकाल मागितला.

शेतावर पोचलो तेव्हा आगटी विझत आली होती. हुरडा मात्र उत्तम होता. त्याच्याविषयी एवढंच लिहितो, कारण खाताना मी झोपलो होतो.

अंतिम सामना ८ जानेवारीला ह्यूस्टनला झाला, आपल्याकडे ९ ला सकाळी सहाला. मी पुण्यात होतो. मिशिगनने वॉशिंग्टनला ३४–१३ असं हरवलं आणि विजेतेपद मिळवलं. नातवाने रस्त्यावरच्या जल्लोषाचे फोटो पाठवले. काकांचा फोन आला तो थंड. "जिंकलो," ते म्हणाले, "पण असल्या मॅचला माणसाला उठवतात का बे? नळाला पाणी नाही, मॅचमध्ये दम नाही."

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच पुन्हा फोन. आवाज खालचा. अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन निवृत्त झाले होते. सात राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेला माणूस, आणि आम्ही पाहिला तो त्यांचा शेवटचा सामना ठरला.

"वाईट वाटलं," काका म्हणाले. "एवढा अनुभव असलेला माणूस. शेवटची चढाई मधनं पाठवली. कोपरा मोकळा होता बे. मी परत परत लावून बघितलं. मोकळा होता."

मागून मावशीचा आवाज आला, "हत्ती आहे तो. कोपऱ्यातनं कसा जाईल?"